परसातील वनस्पती : ओळख, जोपासना व मर्यादा
(इयत्ता चौथी : परिसर अभ्यास)

खेड्यातील मूल शाळेत येते तेव्हा कित्येक झाडे त्यास नावानिशी ठाऊक असतात. खोकला झाला असता आजीने दिलेला अडुळशाचा काढा त्याने घेतलेला असतो. पहिल्या पावसानंतरची टाकळ्याची भाजी खाल्लेली असते. परंतु हे ज्ञान ऐकीव असते. कोणते पान, किती, केव्हा आणि कोठवर, हा विचार त्यात क्वचितच असतो. तो विचार मुलांच्या ठायी रुजविणे, हा या पाठाचा हेतू होय.

पूर्वतयारी : पाठाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाने घरातील वडीलधाऱ्यांना विचारून परसातील तीन वनस्पतींची नावे व उपयोग वहीत लिहून आणावेत. एकाच वनस्पतीस दोन नावे आढळल्यास दोन्ही फळ्यावर लिहावीत. केवळ नावावर विसंबून न राहता पान, खोड, फूल व वास यांवरून वनस्पती ओळखावयाची असते, ही गोष्ट येथे मुलांना सहज पटते.

लागवड : पावसाळ्याच्या आरंभी शेवग्याची सुमारे एक मीटर लांबीची जून फांदी कुंपणाशी रोवावी. अडुळसा, पुदिना व पानओवा हे फांद्यांच्या तुकड्यांपासून, गवती चहा ठोंबापासून आणि तुळस मंजिरीतील बियांपासून येते. हातपाय धुण्याचे सांडपाणी अळूच्या वाफ्याकडे वळवावे. एकेका गटाकडे एकेक वाफा सोपवून खुरपणी, पाणी व वाढ यांची नोंद मुलांकडूनच ठेववून घ्यावी.

उपयोग : शेवग्याच्या पाल्यात चुना व लोह ही पोषक द्रव्ये असतात, शाळेच्या आहारातील वरणात तो घालता येतो. अळूच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असल्याने घसा खाजतो. म्हणून ते चिंच घालून पुरते शिजवावे लागते. कोरफडीचे पान कापताच निघणारा पिवळा चीक रेचक असतो. तो निथळून गेल्यावरच आतील गर घ्यावा. घरातील पाककृतीमागे कारण असते, हे अशा उदाहरणांवरून मुलांस कळते.

सावधगिरी : हा पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या रुचकर लागतात आणि त्या खाऊन मुलांना वांत्या व जुलाब होतात. धोत्रा, पिवळी कण्हेर व गुंज याही विषारी आहेत. ही झाडे शिक्षकांनी जागेवर नेऊन दुरूनच दाखवावीत. कडू लागलेला दुधी भोपळा खाऊ नये, त्याचा रसही पिऊ नये, हेही बजावून सांगावे.

ओळखीचा प्रश्न जाणत्यांनाही चुकत नाही. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे नोंदविले. त्यावर, वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद विद्वानांचा असला, तरी घरी कोणताही काढा नित्य घेण्यापूर्वी वैद्याचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हा बोध सर्वांसाठी आहे.

मर्यादा : साध्या खोकल्यात अडुळशाने आराम वाटेल; पण खोकला दोन आठवडे टिकला, तर तो क्षयाचा असू शकतो व थुंकीची तपासणी करावीच लागते. सर्पदंशावर कोणताही पाला चालत नाही. रुग्णालयात मिळणारी प्रतिविषाची लसच जीव वाचविते. अशा वेळी पाला शोधण्यात गेलेली घटका प्राणावर बेतते.

स्वाध्याय : मुलांनी एका वनस्पतीचे चित्र काढून तिची खूण, लागवड, उपयोग आणि ‘येथे थांबावे’ अशी चार वाक्ये लिहावीत व ती घरी वाचून दाखवावीत. आजीचे ज्ञान शाळेत येईल आणि शाळेचे ज्ञान आजीपर्यंत पोहोचेल, तेव्हाच हा पाठ पुरा झाला असे समजावे.