छायाचित्रांचा केसपेपर

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत रोग, निदान आणि उपचार यांवरील अभ्यासपूर्ण लेख दरवर्षी वाचावयास मिळतात. यंदा संपादक मंडळाने डॉक्टरांच्या छंदांविषयीही लिहावे असे सुचविले, म्हणून हे थोडे वेगळे लेखन. मी व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ आणि आवडीने घरचा छायाचित्रकार. सुमारे वीस वर्षे डिजिटल चित्रे काढणे, त्यांची मांडणी लावणे व त्यांवर संगणकावर संस्करण करणे हा माझा रविवारचा उद्योग आहे.

ज्या केसपेपरवर नाव, वय आणि तारीख नाही तो कितीही सुवाच्य असला तरी निरुपयोगी ठरतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. घरच्या छायाचित्रांचेही तसेच आहे. ज्या चित्रासोबत माणसांची नावे, स्थळ आणि काळ यांची नोंद नाही, ते दोन पिढ्यांनंतर अनोळखी माणसांचे चित्र होऊन बसते. नोंद सांगणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत तोवरच हे काम होऊ शकते, एवढेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

इंदूरचा एक जुना दाखला

आपल्या शहराचे छायाचित्रणाशी नाते जुने आहे. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे रुरकीहून शिकून १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर आले आणि येथेच छायाचित्रणाकडे वळले. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचे त्यांना प्रोत्साहन लाभले. पुढे हैदराबादच्या निजामांच्या पदरी ते ‘राजा’ दीनदयाळ झाले. त्यांच्या अनेक चित्रांच्या खालच्या कडेला क्रमांक, स्थळाचे नाव व सही दिसते. ही अक्षरे मूळ काचेवरच उमटविलेली असल्याने चित्र कोठेही गेले तरी नोंद त्याच्यासोबत जाते. आजच्या संगणकाच्या युगातही यापेक्षा चांगला नियम मला सापडलेला नाही.

संख्येचा पूर आणि निवड

रोलच्या काळी छत्तीस चित्रे संपली की हात आखडावा लागे. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार केला, तेव्हा एक कृष्णधवल चित्र फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आज एका मुंजीत दोन हजार चित्रे सहज निघतात आणि ती कोणीही पुन्हा पाहत नाही. म्हणून पहिली पायरी निवडीची.

निवड तीन फेऱ्यांत करावी. पहिल्या फेरीत हललेली, डोळे मिटलेली, चुकून निघालेली चित्रे काढून टाकावीत. दुसऱ्या फेरीत एकसारख्या दिसणाऱ्या सात-आठ चित्रांतून एकच ठेवावे. तिसऱ्या फेरीत, पुढील पिढीने पाहावीत अशी वाटणारी चित्रे तारांकित करावीत. शंभरांतून दहा उरली तरी पुष्कळ झाली. मात्र एक अपवाद पाळावा. एखाद्या व्यक्तीचे एकमेव चित्र असेल, तर ते अंधुक असले तरी टाकू नये.

नाव आणि नोंद

प्रत्येक समारंभासाठी एक फोल्डर करावा आणि त्याच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. उदाहरणार्थ, ‘२०२४-०३-३० रंगपंचमी गेर राजवाडा’. अंक या क्रमाने व सर्वत्र एकाच लिपीत लिहिले की संगणक फोल्डर आपोआप कालानुक्रमे लावतो. ‘नवीन फोटो’, ‘इतर’, ‘मोबाईलमधले’ अशी नावे काही महिन्यांतच अर्थहीन होतात.

कॅमेरा प्रत्येक चित्राच्या पोटात तारीख, वेळ, भिंग व प्रकाशाचे आकडे लिहून ठेवतो. या नोंदीस ‘एक्झिफ’ म्हणतात. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल तर ही नोंदही चुकीची होते, म्हणून समारंभापूर्वी ते तपासावे. स्कॅन केलेल्या जुन्या चित्रावर बहुधा स्कॅनची तारीख पडते. तेथे मूळ वर्ष आपण स्वतः भरावे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र आकाराने घटते आणि त्यातील ही नोंदही गळून पडते. नातेवाईकांकडून चित्रे मागविताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे आवर्जून सांगावे.

यंत्र तारीख सांगते, पण ‘डावीकडून तिसरी बाई कोण?’ हे सांगत नाही. चेहरे ओळखणाऱ्या प्रणाली आज सर्वत्र आहेत, परंतु नावे प्रथम माणसालाच सांगावी लागतात. शिवाय ती नावे त्या प्रणालीच्या कप्प्यातच राहिली तर प्रणालीबरोबर जातात. ‘पिकासा’ हा आपल्यापैकी अनेकांचा आवडता कार्यक्रम गूगलने २०१६ साली बंद केला, हे स्मरणात असेलच. म्हणून लाइटरूम, डिजिकॅम अशा कार्यक्रमांतून मथळा व नावे चित्राच्या फाइलमध्येच लिहावीत. मूळ काचेवर लिहिण्याच्या रीतीचीच ही आजची आवृत्ती होय.

एका चित्राची गोष्ट

आमच्या घरी थोरल्या काकांच्या मुंजीचे, १९५१ सालचे एक समूहचित्र आहे. त्यात एकतीस माणसे आहेत. काही वर्षांपूर्वी मी ते ६०० डीपीआयवर स्कॅन केले, संगणकाच्या पडद्यावर मोठे केले आणि आत्याला शेजारी बसविले. मुंजीच्या वेळी ती अकरा वर्षांची होती. प्रत्येक डोक्यावर मी क्रमांक घातला आणि ती सांगेल तसे वहीत लिहीत गेलो. तीन रविवारांत सत्तावीस नावे लागली.

आजीच्या गुडघ्याला टेकून उभे असलेले, तीनएक वर्षांचे एक मूल होते. आम्ही भावंडे आजवर ते कोणा पाहुण्यांचे समजत होतो. आत्या त्या मुलाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अरे, हा आमचा सर्वांत धाकटा. पुढच्याच वर्षी घटसर्पाने गेला. त्यानंतर आईने त्याचं नाव घरात कोणाला काढू दिलं नाही.”

म्हणजे मला आणखी एक काका होते. तीस वर्षे मी मुलांना घटसर्पाची लस टोचत आलो आहे. आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस १९७८ साली आली. तो रोग माझ्याच घरातील एक मूल घेऊन गेला होता, हे मला एका छायाचित्राने सांगितले. खरे तर छायाचित्राने नव्हे, त्याकडे पाहू शकणाऱ्या आत्याने. त्या मुलाचे पाळण्यातले आणि लाडाचे अशी दोन्ही नावे आता चित्राच्या नोंदीत आहेत. आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. उरलेल्या चार चेहऱ्यांना आता नावे मिळण्याची आशा नाही.

संस्करण: किती आणि कोठवर

संस्करणाचा पहिला नियम असा, की मूळ फाइलला हात लावू नये. जेपेग प्रकारचे चित्र बदलून पुन्हापुन्हा साठविले की दर वेळी थोडा तपशील घटतो. म्हणून बदल नेहमी प्रतीवर करावेत. पुढचा क्रम सोपा आहे. आधी तिरपे चित्र सरळ करावे आणि अनावश्यक कडा कापाव्यात, मग उजेड, मग रंगाचा समतोल, आणि तीक्ष्णता सर्वांत शेवटी.

रंगाच्या समतोलाचे महत्त्व डॉक्टरांना वेगळे सांगावयास नको. पिवळ्या दिव्याखाली नवजात बालकाची कावीळ पारखू नये, त्यास दिवसाच्या उजेडात आणावे, असे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा, तर दुपारचा प्रकाश सुमारे ५५०० केल्व्हिनचा असतो. चित्रातील पांढरे धोतर किंवा भिंत खरोखर पांढरी दिसू लागली की त्वचेचा रंगही बहुतेक वेळा जागेवर येतो. तेथेच थांबावे. सावळ्या सुनेला गोरी करणे किंवा आजीच्या सुरकुत्या पुसणे यास मी संस्करण म्हणणार नाही. नातवंडांनी आजीला त्या सुरकुत्यांसहच पाहिले आहे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अंधुक चेहरा क्षणार्धात स्पष्ट करून देतात. त्यांविषयी सावध असावे. मूळ चित्रात जो तपशील नाही तो यंत्र अंदाजाने भरते. डोळे सुरेख येतात, पण ते आजोबांचेच असतात असे नाही. अशी प्रत हौसेने केली तरी तिच्या नावात ‘यंत्राने पुनर्रचित’ असे लिहावे आणि मूळ चित्र शेजारी ठेवावे.

जतन

जुनी छापील चित्रे स्कॅन करताना मागील बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, आजोबांच्या हातची मोडी अक्षरे, एखादी तारीख तेथे सापडते. चार बाय सहा इंचांचे चित्र ६०० डीपीआयवर २४०० बाय ३६०० बिंदूंचे होते. घरगुती उपयोगास ते पुरते. मागे लिहावयाचे असल्यास मऊ पेन्सिल वापरावी, बॉलपेन नको.

साठवणीसाठी अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम पाळावा: तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. पुण्यातील बहिणीकडे ठेवलेली हार्ड डिस्क हीदेखील घराबाहेरची उत्तम प्रत होय. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या शस्त्रपूजनाच्या दिवशी म्हणा हवे तर, प्रत्येक प्रत उघडून पाहावी.

डॉक्टरांसाठी दोन शब्द

रुग्णांची छायाचित्रे घरच्या संग्रहात कधीही मिसळू देऊ नयेत. ती संमतीनेच घ्यावीत आणि स्वतंत्र, कुलूपबंद जागी ठेवावीत. मोबाईल चित्रे आपोआप आंतरजालावर चढवीत असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. नातवंडांची उघडी, न्हाणीघरातील चित्रे कोठेही प्रसृत करू नयेत आणि शाळेचे वा घराचे ठिकाण दाखविणारी नोंद काढूनच चित्र पाठवावे. ते मूल उद्या मोठे होणार आहे. आज त्याच्या वतीने संमती देणारे आपणच आहोत.

सर्व संग्रह एकदम लावावयास बसले की काम होत नाही. यंदाच्या दिवाळीच्या सुटीत एकच अल्बम काढावा, घरातील सर्वांत वडील माणसाजवळ एक तास बसावे आणि हाताशी एक वही असावी. संगणकाचे काम पुढे केव्हाही करता येईल.