बुलढाण्यात कूलर लागतो का?

प्रश्न : जूनमध्ये अकोल्याहून बुलढाण्याला बदली होत आहे. तिथली हवा थंड असते म्हणतात. कूलर विकून टाकावा का?

उत्तर : विकू नका! बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे. अकोला जेमतेम २८० वर. दर शंभर मीटरला अर्धा-पाऊण अंश धरला, तर दुपारचा पारा दोन-तीन अंशांनी, कधी त्याहून जास्त उतरतो. अकोला ४४ वर भाजत असताना बुलढाणा चाळिशीच्या आसपास राहते. हा दिलासा मोठा, पण मे महिन्याची दुपार तिथेही दुपारच असते. संध्याकाळी मात्र वारा सुटतो आणि अंगणात बसवते.

हिवाळ्यात गंमत उलटी होते. निरभ्र रात्री जड, गार हवा उतारावरून खाली सरकून सखल भागात साचते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे अकोल्याचा पारा बरेचदा बुलढाण्यापेक्षा खाली असतो. स्वेटर नेहमीचेच पुरतील.

पावसाळा खरा देखणा. मलकापूरकडून येताना राजूर घाट चढला की धुके गाडीच्या काचेवर येते; दिवे लावून, सावकाश या. पण हे महाबळेश्वर नव्हे. वर्षाचा पाऊस मध्यमच, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. खंड पडला की शहराची नजर पैनगंगेवरच्या येळगाव धरणाकडे लागते. घर पाहताना गारव्यापेक्षा नळाला पाणी किती दिवसांआड येते, ते आधी विचारा.