माळ विकत घेण्याआधी

माझा मावसभाऊ बऱ्याच वर्षांपासून टेक्सासात आहे. तिकडची बहुतेक जमीन खासगी मालकीची. शेकडो, हजारो एकरांचं कुरण एकाच माणसाचं असतं. त्यावर गुरं चरतात, सुट्टीला मित्रमंडळी उतरतात, आणि हंगामात तीच जमीन शिकाऱ्यांना भाड्याने दिली जाते. तसंच काहीतरी आपल्या मुलखात करावं हे त्याच्या मनाने घेतलं. कळमनुरी तालुक्यातला माळ, शंभरेक एकर, त्यावर लाल कंधारी गाईंचं खिल्लार, एक चांगला आखाडा म्हणजे शेतावरचं घर, आणि जमलं तर रोह्या-रानडुकरांची शिकार. मी हिंगोलीत राहतो, शेती करतो, म्हणून जमीन बघायचं काम माझ्याकडे आलं. तो व्यवहार झाला नाही, आणि झाला नाही हेच बरं झालं. पण त्या धावपळीत जे कळलं ते असा बेत मनात असणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं, असं मला कळकळीने वाटतं.

शिकारीचा विषय आधी संपवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आज आपल्याकडे हौसेच्या शिकारीला जागाच नाही. जमीन तुमची असली तरी तिच्यावर चरणारं काळवीट तुमचं होत नाही. ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याची शिकार म्हणजे किमान तीन वर्षांची कैद. रोही आणि रानडुक्कर पिकाची नासाडी करतात हे खरं. पण त्यांचा बंदोबस्तही वनअधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही, आणि ती परवानगी पीक वाचवण्यासाठी असते, पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नव्हे. कुंपणात करंट सोडण्याचा सल्ला कुणी देत असेल तर त्या माणसाला दारात उभं करू नका. त्या तारेला चिकटून माणसं मेली आहेत.

आता जमिनीचं. आम्हाला पहिला अडसर आला तो भावाच्या पासपोर्टचा. परदेशस्थ भारतीय असो की ओसीआय कार्डधारक, परकीय चलन कायद्यातल्या नियमांप्रमाणे त्याला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. मग दलाल म्हणाला, "तुमच्या नावानं करू, पैसा त्यांचा." मी स्पष्ट नकार दिला. दुसऱ्याच्या पैशाने आपल्या नावावर जमीन घेणं म्हणजे बेनामी व्यवहाराला आमंत्रण, आणि भावाभावांत पुढच्या पिढीला वैर. इथे राहणाऱ्यांनाही वाट मोकळी नाही. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागू आहे, त्यामुळे घेणारा शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. शिवाय १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीला कुटुंबामागे ५४ एकरांची मर्यादा आहे, बारमाही ओलिताला १८ एकरांची. बायकोच्या आणि अज्ञान मुलांच्या नावावरची जमीन त्याच कुटुंबात धरली जाते. म्हणजे शंभर एकरांचं कुरण ही गोष्टच मुळात कागदावर बसत नव्हती.

तरी भावाच्या इथल्या सज्ञान पुतण्यांनी मिळून थोडी घ्यावी असं ठरलं, आणि आम्ही माळ पाहायला लागलो. तिथे जे दिसलं ते सगळ्यात महत्त्वाचं.

दलालाने एका टेकाडावर उभं करून हात फिरवला. "त्या पळसापासून खाली नाल्यापर्यंत, सगळं एकाच मालकाचं." मुरमाड, बरड जमीन, पवन्या-कुसळीचं गवत कमरेएवढं, मधे ना धुरा ना दगड. डोळ्यांना फार सुंदर. तेवढ्यात नाल्यातून एक म्हातारा गुराखी गुरं घेऊन वर आला. मी सहज विचारलं, बाबा, हा माळ कुणाचा? तो म्हणाला, "कुणाचा म्हंजे? गावाचा. आमची गुरं आजापासून इथंच चरायलीत." दलाल गप्प झाला. नंतर गटनकाशा काढला, तेव्हा त्या हात फिरवलेल्या माळापैकी निम्म्याहून जास्त भाग गायरान निघाला. विकणाऱ्याच्या मालकीचा एक गट होता, त्यातही बराच पोटखराबा.

गायरान सरकारचं असतं आणि ते गावच्या गुरांसाठी राखलेलं असतं. ते विकता येत नाही. "वहिवाट आमची आहे, पुढे नावावर होईल" या आश्वासनाला काडीची किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर १२ जुलै २०११ ला राज्याने गायरानावरची अतिक्रमणं काढण्याचा शासननिर्णय काढलेला आहे. आणि मराठवाड्यात गायरान हा नुसता कायद्याचा विषय नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून इथल्या दलित कुटुंबांनी त्या पडीक जमिनी कसून पोट भरलं, मार खाल्ला, खटले लढले. त्यांच्यातल्या एखाद्याच्या ताब्यातली जमीन शौकासाठी बाँडपेपरवर लिहून घेणं हे बेकायदेशीर तर आहेच, माझ्या मते पापही आहे. कळमनुरी, औंढा या भागांत आंध आदिवासींच्या जमिनी आहेत. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे बिगर-आदिवासीला त्या परवानगीशिवाय घेता येत नाहीत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ दिसलं की तिथेच थांबा आणि का ते विचारा. देवस्थानाची किंवा दर्ग्याची खिदमतमाश इनाम असेल तर ती कुणालाही परस्पर विकता येत नाही.

म्हणून नुसता चालू सातबारा पाहून भागत नाही. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुनी दप्तरं उर्दूत आहेत. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढा, कूळ नोंदवही पहा, त्यानंतरचा एकेक फेरफार वाचा. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या एका गटात जुन्या संरक्षित कुळाचं नाव होतं आणि पुढे ते कसं गळालं याचा फेरफारच नव्हता. विकणाऱ्याच्या तीन बहिणींची नावंही वारसात लागलेली नव्हती. अशी जमीन घेतली की कोर्टात नातवंडांपर्यंत तारखा.

ईसापूर धरणाच्या काठची जागाही दाखवली. मे महिन्यात. पाण्यालगत हिरवा पट्टा, घर बांधायला जागा हेवा वाटावा अशी. तो पट्टा गाळपेराचा होता, पाटबंधारे खात्याच्या संपादित क्षेत्रातला. धरण भरलं की सप्टेंबरात तो पाण्याखाली. काठची जमीन पाहायची तर पावसाळ्याच्या शेवटी पाहावी.

आणि गुरं. लोक एकर मोजतात, चारा मोजत नाहीत. माळावरचं गवत दिवाळीनंतर वाळतं, कुसळी टोचायला लागली की जनावर तोंड फिरवतं. होळीनंतर तिथे काही उरत नाही. वीस मोठ्या जनावरांना रोज प्रत्येकी सहा किलो वाळला चारा धरला तरी फेब्रुवारी ते मे एवढ्या काळात चौदा टनांवर लागतो. पाणी रोज हजार लिटर. पूर्वी ज्वारीच्या कडब्यावर हे निघत होतं. आता सगळं शिवार सोयाबीन आणि हळदीचं, कडबा विकत घ्यायचा तर भाव ऐकून पोटात गोळा येतो. २०१५ पासून म्हातारे बैल-गोऱ्हेही कत्तलीला विकता येत नाहीत, म्हणजे जन्मभर पोसायचे. कंधारी जनावर काटक आहे, पण उपाशी राहून ते कुणाचंही भलं करत नाही.

पुतण्यांनी शेवटी गावाजवळची, विहीर असलेली, धुरे पक्के असलेली थोडी जमीन पाहिली आहे. शिकार नाही, कुरणाचा डौल नाही, पण गाई पाळता येतील. परवानग्या घेऊन पुढेमागे कृषी पर्यटनही करता येईल.

तुम्ही निघाला असाल तर इसार देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. मोजणीच्या दिवशी शेजारचे सगळे धुरेकरी हजर ठेवा, आणि त्या रानात गुरं चारणाऱ्या माणसाला आवर्जून बोलवा. आत जायचा रस्ता नकाशावर आहे का, तेही त्याच दिवशी बघा. विकणारा मोजणीला टाळाटाळ करत असेल तर ती जमीन घेऊ नका.