आपले घर, आपला सहभाग

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांना भूकंपाचा तीव्र धक्का बसला. किल्लारी, सास्तूर यांसारखी गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. यातील बहुतेकांचा बळी घेतला तो त्यांच्याच घरांनी. दगडमातीच्या रुंद भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. त्यावर मातीच्या माळवदाचे प्रचंड ओझे होते. धक्का बसताच भिंती फाकल्या आणि छप्पर कोसळले.

पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली गावे शासनाने व स्वयंसेवी संस्थांनी नव्या जागी वसवली. परंतु इतर शेकडो गावांत तडे गेलेली सुमारे दोन लाख घरे उभी होती. त्यांची दुरुस्ती ठेकेदाराकडे न सोपवता घरमालकांनीच करावी, असे ठरले. शासनाने टप्प्याटप्प्याने पैसे, बांधकाम साहित्य आणि अभियंत्यांचे मार्गदर्शन दिले.

मात्र केवळ पैसा मिळाल्याने घर भक्कम होत नाही. भिंत का पडली हे ज्याला कळले नाही, तो पुन्हा तशीच भिंत बांधतो. म्हणून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने अनेक गावांत स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. शासकीय योजना घरोघरी समजावून सांगणे, लोकांच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत पोहोचवणे आणि कामावर लक्ष ठेवणे ही जबाबदारी त्यांनी उचलली. भिंतीत आरपार जाणारे दगड का बसवावेत, छपरावरील माती का कमी करावी, दाराखिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना वेढणारा काँक्रीटचा पट्टा का हवा, हे गावकऱ्यांना समजू लागले. अनेक कुटुंबांनी जुन्या घराला जोडून एक भूकंपरोधक खोली बांधली.

२६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमधील कच्छ भूकंपाने हादरले. तेव्हा मराठवाड्यातील या स्त्रिया तेथील भगिनींना आपला अनुभव सांगण्यासाठी गेल्या. एकेकाळी मदत घेणारे हात आता मदत देणारे झाले होते.

दुसऱ्याने बांधून दिलेले घर निवारा देते. स्वतः समजून घेऊन, एकमेकांच्या साहाय्याने बांधलेले घर निवाऱ्याबरोबर आत्मविश्वासही देते.

स्वाध्याय
१. भूकंपात घरे कोसळण्याची कारणे लिहा.
२. संवाद सहायक स्त्रिया कोणती कामे करीत?
३. आपल्या वस्तीतील कोणते काम सर्वांनी मिळून करता येईल?