पाळकांची पिशवी

राधानगरीत आमची मंडळी म्हणजे पंधरा-वीस माणसं. उपासना एकाच्या घरात. आमच्या पाळकांना दाजीपूरच्या वाटेवरच्या घरांना मोटारसायकलवरून मीच न्यायचो. त्यांची बायबलची पिशवी माझ्या खांद्याला. हळूहळू ती पिशवी मला माझा मानच वाटायला लागली.

एका रविवारी त्यांनी संदेश द्यायला एका तरुण पोराला उभं केलं. मी तोंडानं ‘आमेन’ म्हणालो आणि त्याच रात्री दानार्पणाची वही उघडून बसलो. दोन महिन्यांचे पैसे जुळत नव्हते. हे खरंच होतं. पण पाळकांना विचारलं नाही. चार घरी चहा पिताना नुसतं म्हणालो, “आपल्याला काय त्यातलं कळतंय म्हणा.” आमच्या धरणाचे दरवाजे पाणी चढलं की आपसूक उघडतात. माझी शंका मात्र अशी भिंतीतून पाझरत गेली. नाताळात कॅरलवाली पोरं दोन टोळ्यांनी फिरली, एकाच दारात दोनदा. पाळक गाव सोडून गेल्यावर कळलं, पैसे एका घराच्या दवाखान्याच्या बिलाला दिले होते आणि नाव न फोडायचा शब्दही दिला होता.

म्हणून सांगतो, मदत गुप्त ठेवायची तर नाव लिहू नका, पण रक्कम लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. शंका आली तर ज्याच्याबद्दल आली त्यालाच विचारा. विचारणाऱ्यालाही हाकलू नका. येशूचा शिष्य थोमा यानं शंका घेतली, तरी आठ दिवसांनी तो बाकीच्या शिष्यांबरोबर त्याच घरात होता. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं, हे मला फार उशिरा दिसलं.

आणि पाळक हयात असतानाच पुढची माणसं उभी राहू द्या. ना. वा. टिळकांनी 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. 1919च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार पुढे उभा राहिला नाही. एवढ्या मोठ्या माणसामागं हे झालं, तिथं आमची पंधरा-वीस माणसं काय! येशूचे शिष्य तर तो बरोबर असतानाच मोठा कोण म्हणून वाटेत भांडले होते.

पिशवी बरेच दिवस माझ्या खुंटीला होती. गेल्या नाताळात संदेश देणाऱ्या त्या पोराकडे नेऊन दिली. त्यानं आतली वही काढली, पेन पुढं केलं आणि म्हणाला, “काका, पहिली सही तुमची.”