गोट्यांचा खेळ आणि पाणीवापर संस्था

आमच्या पाथरी तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी येतं. आवर्तन सुटलं की हेडचा, म्हणजे चारीच्या तोंडाजवळचा, ऊस भिजतो. टेलच्या, म्हणजे शेवटाकडच्या, हरभऱ्यापर्यंत येईतो चारी आटलेली असते. राज्याच्या २००५ च्या सिंचन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना सारखं प्रतिनिधित्व दिलं. एकमेकांची अडचण ओळखायची सवय मात्र सभासदांनीच लावून घ्यायची असते. त्यासाठी गोट्यांचा एक खेळ उपयोगी पडतो, आणि अर्धवट घेतला तर अंगाशीही येतो. दोन्ही मी पाहिलं आहे.

ब्रूस लँकफर्ड या सिंचनतज्ज्ञांनी टांझानियातल्या उसंगू भागातल्या शेतकऱ्यांसोबत हा खेळ वापरला. उतरती फळी म्हणजे नदी, काचेच्या गोट्या म्हणजे पाणी, काड्या म्हणजे बंधारे. वरचा खेळाडू काड्या लावून गोट्या आपल्याकडे वळवतो, खालच्याच्या वाट्याला उरतील तेवढ्या. आमच्याकडे बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी तसाच खेळ घेतला. टेलच्या शेतकऱ्यांना हेडला बसवलं, तर त्यांनीही गोट्या अडवल्या. प्रश्न माणसांच्या स्वभावाचा कमी आणि वाटपाच्या नियमाचा जास्त आहे, हे फळीवर उघड झालं होतं.

यावर बोलणं व्हायला हवं होतं. पण जेवणं झाली, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले आणि प्रशिक्षक निघून गेले. मनात राहिलेला राग पारावर निघाला, तोही नावं घेऊन. पुढच्या सभेला हेडचे सभासद फिरकले नाहीत. रब्बीची पाळी जुन्याच पद्धतीने गेली.

म्हणून असा खेळ घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो. खेळाला जेवढा वेळ द्याल, निदान तेवढाच चर्चेला द्या. प्रत्येकाला हेड आणि टेल दोन्हीकडे बसवा. चर्चेत फळीवर काय घडलं तेवढंच बोला, कुणाच्या शेताचं नाव काढू देऊ नका. गेट ज्यांच्या हुकमाने उघडतं, त्या अधिकाऱ्यांनाही खेळायला बसवा. नाहीतर ठरलेलं कागदावरच राहील. रब्बीच्या आवर्तनाचं नियोजन होण्याआधी खेळ घ्या, म्हणजे ठरेल ते त्याच हंगामात करून बघता येईल. शेवटी एकच ठराव करा, जसं की पाळी टेलकडून सुरू करायची. तो इतिवृत्तात लिहा आणि आवर्तन संपल्यावर पाणी टेलला पोचलं का, हे सगळ्यांनी मिळून तपासा.

एवढं करायची तयारी नसेल, तर त्या संस्थेने हा खेळ घेऊच नये.