जुन्या मोटारसायकलचे हेड उघडताना

एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यात उभी असलेली जुनी जावा किंवा येझदी मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. चेकोस्लोव्हाकियातील आराखड्यावरून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. अशी एक गाडी चढावर धापा टाकते, धूरही फार सोडते, असे समजा. रोग कोठे आहे ते पाहण्यासाठी एंजिनचा वरचा भाग उतरवावा लागेल. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचे. पण त्याच्या शेजारी उभे राहून काय पाहायचे, ते आज शिकू या.

आत काय आहे?

सर्वांत वर ॲल्युमिनियमचे हेड, त्याखाली बिडाचा सिलिंडर आणि त्यात खालीवर होणारा पिस्टन. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीचे सूत्र वापरून पाहा : ३.१४ × ३.२५ × ३.२५ × ७.५ = सुमारे २४९ घन सेंटिमीटर. ‘अडीचशे सीसी’ म्हणतात ती हीच.

हे एंजिन दोन धावांचे आहे. त्याच्या डोक्यावर झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या आहेत आणि पिस्टन वरखाली होताना त्या स्वतःच उघडतो व झाकतो. वंगणासाठी पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते. तेही जळते आणि त्याची काजळी मागे उरते.

हेड काढणे

एंजिन पूर्ण थंड हवे. पेट्रोलची तोटी बंद करून नळी सोडवावी. जवळपास विडी, काडी, दिवा काहीही नको. नंतर धुराडी, कार्ब्युरेटर आणि प्लग काढावेत. प्लग टाकून देऊ नका, त्याचे टोक पाहा. ते बदामी रंगाचे असेल तर ज्वलन ठीक चालले आहे. काळे व ओले असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त जाते आहे. पांढरेफटक असेल तर एंजिन फाजील तापते आहे.

आता हेडचे नट. एक नट पूर्ण सोडवून मग दुसऱ्याला हात घालणे चूक. समोरासमोरचे नट पाव-पाव फेरा ढिले करीत जावे. एकाच बाजूचा दाब एकदम सुटला, तर ॲल्युमिनियमचे हेड किंचित वाकते आणि पुढे त्या फटीतून वायू निसटतो. गरम एंजिनात हा धोका अधिक. हेड चिकटून बसले असेल तर पेचकस खुपसू नये. लाकडी हातोडीने हलकेच ठोकावे.

हेडच्या आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या खिडक्यांत काळा थर दिसेल. खिडकी अरुंद झाली की जळलेला वायू पुरता बाहेर पडत नाही आणि ताज्या मिश्रणाला जागा उरत नाही. गाडी धापा टाकते ती बहुधा यामुळेच. हा थर लाकडाच्या चपट्या पट्टीने खरवडावा. पोलादी पात्याने ॲल्युमिनियमवर चरे पडतात.

सिलिंडर उचलताना

पिस्टन खाली आणून सिलिंडर सरळ वर उचलावा. थोडी फट दिसताच थांबा! कनेक्टिंग रॉडभोवती स्वच्छ फडके गच्च कोंबा आणि मगच सिलिंडर पूर्ण काढा. शाळेत असताना मी हे फडके विसरलो होतो. गजन पिन अडवून ठेवणारी इवलीशी तारेची कडी, म्हणजे सर्क्लिप, चिमट्यातून उडाली आणि थेट एंजिनच्या पोटात गेली. दोन पैशांच्या कडीसाठी सगळे एंजिन खोलावे लागले. काढलेली सर्क्लिप पुन्हा वापरू नये, हेही लक्षात ठेवा.

पिस्टन वाचणे

पिस्टन काढण्यापूर्वी त्याची पुढची बाजू कोणती, ते लिहून ठेवा. प्रत्येक रिंगेच्या दोन टोकांमध्ये फट असते आणि त्या जागी एक बारीक खुंटी. तिच्यामुळे रिंग फिरत नाही. ती फिरली असती, तर टोक खिडकीत अडकून मोडले असते. रिंगांच्या खाली तपकिरी डाग दिसले, तर वायू रिंगांना चुकवून निसटतो आहे असे समजावे.

रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट पातळ पत्र्यांच्या मापाने मोजतात. सिलिंडरचा व्यास झिजून ०.१ मिलिमीटरने वाढला, तर परीघ ०.३१ मिलिमीटरने वाढतो आणि फटही तेवढीच वाढते. लहान झीज तिप्पट मोठी होऊन दिसते!

पिस्टनवर उभे ओरखडे असतील, तर तो कधीतरी सिलिंडरमध्ये जाम झाला असावा. याचेही गणित आहे. दोघेही १०० अंश सेल्सिअसने तापले, तर ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पिस्टन व्यासात सुमारे ०.१३ मिलिमीटर फुगतो. बिडाचा सिलिंडर केवळ ०.०७. प्रत्यक्षात पिस्टन सिलिंडरहून जास्तच तापतो. म्हणून दोघांत मुळातच बारीक मोकळीक ठेवलेली असते. तेल कमी पडले, एंजिन फार तापले, की ती संपते आणि धातू धातूला धरतो.

काढलेला प्रत्येक भाग क्रमाने कागदावर मांडा आणि वहीत नोंद करा. पुसण्याची घाई करू नका. डाग, ओरखडा, काजळी हा एंजिनचा जबाब आहे. आधी तो लिहून घ्यावा, मग रॉकेलचे फडके हाती घ्यावे.

विचार करा

१. सिलिंडरच्या बाहेर बिडाचे पंख का असतात?
२. रिंगेची फट ०.६२ मिलिमीटरने वाढली, तर सिलिंडरचा व्यास किती झिजला?
३. पेट्रोलमध्ये तेल जास्त घातले तर काय होईल? अगदी कमी घातले तर?